पाइप कोनता टाकाचा गा?

मे महिन्यात चार दिवस गावी जाऊन आलो. गाव म्हणजे भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. पुण्याहून नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, आणि त्याच्या पुढे ज्याची गाडी मिळेल त्याची. उन्हाचं विचारू नका. अंगणात बसून चहा पीत होतो तर मोठे काका आले आणि खाटेवर बसता बसता म्हणाले,

"बापू, तू इंजिनेर ना गा? मंग एक सांग. गावात नवी लाइन टाकाची हाय, समितीत माहं नाव हाय. पाइप कोनता टाकाचा?"

आता माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची आणि काम जावाचं. पाइप म्हटलं की मला युनिक्समधली ती उभी रेघ आठवते. पण काकांना ते कसं सांगणार? त्यांच्या लेखी इंजिनेर म्हणजे इंजिनेर. ज्याला कॉम्प्युटर कळतो त्याला नळ कळलाच पाहिजे. मी म्हटलं, "बघून सांगतो." ऑफिसात क्लायंटला जे सांगतो तेच.

शेजारी काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लाइनचं मंग पाहा. आधी त्या बोरिंगचं पानी पाहा. सकायी रगतावानी लाल येते." देवळाजवळच्या हातपंपाबद्दल बोलत होत्या. नळाला पाणी नसलं की अर्धं गाव त्याच्यावर असतं. काका म्हणाले, त्याला काही इलाज नाही, आपल्या जमिनीतच लोखंड आहे. तिकडे तुमसरकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला मँगनीजच्या खाणी नाहीत का, मग आपल्याकडे लोखंड असणारच. गावात सगळ्यांचं हेच मत.

तर असे दोन प्रश्न डोक्यात घेऊन परत आलो आणि पुढचे तीन वीकेंड त्यातच घालवले. हा लेख म्हणजे त्या वाचनाचं फलित. (रूममेटच्या मते माझं डोकं फिरलंय. असो.)

सर्चमध्ये 'भंडारा पाणीपुरवठा इतिहास' टाकलं तर पहिल्यांदा काय यावं? बऱ्हाणपूर! तिथे 'कुंडी भंडारा' नावाची एक अफलातून व्यवस्था आहे. १६१५ च्या सुमाराची, म्हणजे जहांगीराच्या काळातली, अब्दुल रहीम खानखानान तिथे असतानाची. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं, वर ओळीने विहिरींसारख्या कुंड्या, आणि सगळं निव्वळ उताराने शहराकडे न्यायचं. आमच्या भंडाऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण हे वाचताना एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी पाइपचा प्रश्न बराचसा टाळला होता. पाणी बंद नळीत कोंबायचं नाही, दाब येऊ द्यायचा नाही, उताराने जाऊ द्यायचं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या आसपास कात्रजहून जे पाणी आणलं तेही असंच. दगड-विटांची भुयारी नळवाट, मधेमधे हवा जायला उच्छ्वास, आणि शहरात हौद. आमच्या भंडाऱ्यात तर तेवढंसुद्धा नाही. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, त्यांच्या पाळी, पाट आणि धान. 'तलावांचा जिल्हा' म्हणतात ते उगाच नाही. तेव्हा गोंदिया वेगळा नव्हता (तो झाला १ मे १९९९ ला), त्यामुळे तलावांचा आकडाही भलताच मोठा असायचा.

दाब आला की मात्र नळी कशाची हा प्रश्न आला. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीचं पाणी काही किलोमीटरवरून मातीच्या नळांतून येतं. भाजलेल्या मातीच्या नळ्या, त्यांना खापरी म्हणतात. माती हे मटेरियल काही मागासलेलं नव्हे बरं का. रोमचा विट्रुव्हियस नावाचा वास्तुकार दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेलाय की शिशापेक्षा मातीच्या नळातलं पाणी चांगलं, आणि पुरावा काय दिलाय तर शिशाचं काम करणाऱ्या कारागिरांचे चेहरे बघा, कसे पांढरेफटक पडलेत! रोमनांनी ऐकलं नाही ही गोष्ट वेगळी. शिसं वाकवता येतं, सांधता येतं, गळत नाही. शिशाला लॅटिनमध्ये प्लुम्बुम म्हणतात, त्यावरून प्लंबर. म्हणजे तुमच्या सोसायटीत रविवारी कधीच न येणारा तो माणूस मुळात शिसेवाला आहे.

आपल्याकडे लोखंडी नळाचं युग मोठ्या प्रमाणावर सुरू झालं मुंबईत. १८५० च्या दशकात मुंबईत पाण्याची इतकी बोंब झाली की सरकारला शहराबाहेर बघावं लागलं. हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरच्या आराखड्यावर १८५६ ला विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० ला पाणी शहरात आलं, ३२ इंची बिडाच्या नळातून. बीड म्हणजे कास्ट आयर्न. ओतीव लोखंड जड आणि ठिसूळ, पण गंजतं सावकाश. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या बागेला पाणी न्यायला १६६४ मध्ये टाकलेले बिडाचे नळ तीनशे वर्षांहून जास्त काळ चालले. नळाचं एक तोंड फुगीर ठेवायचं, त्यात दुसऱ्याचं टोक सारायचं, फटीत ताग ठासून वर वितळलेलं शिसं ओतायचं, हा सांधा लंडनच्या थॉमस सिम्पसनने १७८५ मध्ये काढला आणि तो पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं टिकला. सॉफ्टवेअरमध्ये एखादा इंटरफेस दीड वर्ष न बदलता राहिला तर आम्ही पार्टी करतो.

मग सगळीकडे बीडच का नाही टाकलं? वजन आणि पैसा. मुंबईचं ठीक आहे, जहाजातून नळ उतरवले की झालं. गावाला कोण देणार? म्हणून स्वस्त पर्यायांचा शोध सुरू झाला आणि इथे आपले वालचंद हिराचंद येतात. ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूम याने १९१० मध्ये साचा गरगर फिरवून काँक्रीटचे नळ बनवायची युक्ती काढली होती. वालचंदांनी १९२६ मध्ये मुंबईत इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली. रस्त्याच्या कडेला पडलेल्या काँक्रीटच्या मोठ्या नळांना आपण आजही 'ह्यूम पाइप' म्हणतो, त्यात लहानपणी लपाछपी खेळलोय, पण ह्यूम हा माणूस होता हे मला गेल्या महिन्यात कळलं.

दुसरा स्वस्त पर्याय म्हणजे एसी पाइप. काकांनी पहिल्यांदा 'एसी पाइप' म्हटलं तेव्हा मला वाटलं यांच्या घरी एसी बसवताहेत की काय. एसी म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. गावातली जुनी लाइन हीच आहे, माझ्या जन्माच्या आधीची. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक याने १९०० च्या सुमारास ॲस्बेस्टॉसचे धागे आणि सिमेंट एकत्र करून पत्रे बनवले आणि नाव दिलं 'एटर्निट', म्हणजे चिरंतन. त्याचेच पुढे इटलीत नळ निघाले. गंज नाही, हलका, आतून गुळगुळीत, बिडापेक्षा कितीतरी स्वस्त. साठ-सत्तरच्या दशकात नळयोजना गावोगाव पोचायला लागल्या तेव्हा हा पाइप देवासारखा धावून आला, हे मान्य करावंच लागेल.

पण चिरंतन म्हणजे काय ते इटलीतल्या कासाले मोनफेराटो गावाला विचारा. तिथे एटर्निटचा मोठा कारखाना होता, १९८६ मध्ये बंद पडला. ॲस्बेस्टॉसचा धागा फुप्फुसात गेला की तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. कामगारच नाही, त्यांचे कपडे धुणाऱ्या बायकाही गेल्या. इटलीने १९९२ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. २०१२ मध्ये तुरिनच्या कोर्टाने मालकांना शिक्षा ठोठावली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च कोर्टाने मुदत उलटून गेल्याचं सांगून ती रद्द केली. चिरंतन पाइपाला मुदत नाही, खटल्याला आहे!

पाण्यातून पोटात गेलेल्या धाग्याचं काय? तिथे जागतिक आरोग्य संघटनेला ठोस पुरावा मिळालेला नाही, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी त्यांनी मर्यादाही ठरवलेली नाही. खरा धोका पाइप कापणाऱ्याला. कोरडा पाइप आरीने कापला की जी पांढरी भुकटी उडते ती. मला आठवतं, मी पाचवी-सहावीत असेन. आमच्या घरासमोर लाइन फुटली होती आणि फिटर भाऊ खड्ड्यात बसून आरीने पाइप कापत होते, तोंडाला काही नाही. आम्ही पोरं काठावर बसून ती पांढरी पावडर एकमेकांना फासत होतो. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. घरी फोन करून फिटर भाऊंची चौकशी केली. बरे आहेत. अजूनही तेच काम करतात, आणि लाइन फुटली की अजूनही आरीच वापरतात.

आता हातपंप. इथे मला सगळ्यात जास्त मजा आली.

दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात आणि इतरत्र बोअरवेल खणायची मोहीम निघाली. युनिसेफने खणायची यंत्रं आणली. बोअर झाल्या, वर बिडाचे हातपंप बसले आणि थोड्याच दिवसांत पटापट मोडायला लागले. कारण ते पंप मुळात परदेशातल्या एका शेतकरी कुटुंबासाठीच्या पंपाच्या नकला होत्या. चार माणसांसाठी बनवलेल्या पंपावर चारशे माणसं! (लोड टेस्टिंग न करता लाइव्ह गेलं की काय होतं, आपल्याला माहीत आहेच.) उत्तर मात्र महाराष्ट्रातच तयार होत होतं. जालन्याला मिशनच्या लोकांनी आणि सोलापूरला सोलापूर वेल सर्व्हिसने पोलादी, एका बिजागरीवर चालणारे दणकट पंप बनवले होते. त्या सोलापूर पंपाचा धागा पकडून सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' तयार झाला. तुम्ही आयुष्यात जो हातपंप हापसलाय, तो बहुधा हाच. भारतात लाखांनी बसले, पुढे आफ्रिकेतही गेले.

या पंपात जमिनीखाली ३२ मिलिमीटरचा जीआय पाइप असतो, तीन-तीन मीटरचे तुकडे एकमेकांत आटे पिळून जोडलेले. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. याचं पेटंट १८३७ चं, फ्रान्सच्या सोरेलचं. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. घरातल्या मोठ्या भावासारखं. पण जस्त संपलं की पुढे लोखंडाची पाळी. पाणी किंचित आम्लधर्मी असेल, पीएच साडेसहाच्या खाली, तर हे जस्त फार लवकर उडून जातं. ऐंशीच्या दशकात जागतिक बँक आणि यूएनडीपीने हातपंपांवर मोठं काम केलं, त्यात पश्चिम आफ्रिकेत असं दिसलं की लोक 'इथल्या जमिनीतच लोखंड आहे' म्हणून पंप सोडून देत होते, आणि बऱ्याच ठिकाणी लोखंड जमिनीत नव्हतंच. ते पाइपातून येत होतं.

हे वाचलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. काकूंचं वाक्य आठवलं. *सकाळी* लाल येतं.

मग पुढचं सोपं डीबगिंग आहे. रात्रभर पंप बंद, पाणी पाइपात उभं, गंज उतरतो. लोखंड पाइपाचं असेल तर सकाळचं पहिलं पाणी सगळ्यात लाल आणि उपसत गेलं की निवळत जाणार. जमिनीचं असेल तर पहिली बादली आणि शंभरावी बादली सारखीच. फक्त किती उपसायचं ते काढावं लागतं. पंपाचा पाइप ३० मीटर खोल धरला तर त्यात साधारण २४ लिटर पाणी मावतं, म्हणजे दीड-दोन बादल्या. पण पाइप बाहेरूनही गंजतो, म्हणून बोअरमधलं उभं पाणीही काढायला हवं. पाच इंची बोअर आणि त्यात वीस मीटर पाणी असेल तर ते अडीचशे लिटरच्या आसपास. पंप मिनिटाला बारा लिटर देतो. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं हापसायचं.

जूनच्या पहिल्या वीकेंडला परत गावी गेलो. आई म्हणाली, "दिवाळीला बोलावलं तर सुट्टी नसते." पहाटे साडेचारला मी आणि चुलत भाऊ पंपावर. पाण्याच्या सहा रिकाम्या बाटल्या, मार्कर, आणि माशांच्या टाकीसाठी मिळतात त्या पीएचच्या पट्ट्या. पहिली बाटली पहिल्या धारेची, मग दोन बादल्यांनी, मग दहा मिनिटांनी, अशा करत शेवटची अर्ध्या तासाने. तोवर बायका रांगेत येऊन उभ्या राहिल्या आणि दोन पोरं सकाळी सकाळी पाणी का सांडताहेत म्हणून आमचा उद्धार सुरू झाला. आम्ही बादल्या त्यांच्याच घागरींत ओतून दिल्या तेव्हा कुठे शांत झाल्या.

बाटल्या उघड्याच ठेवल्या दुपारपर्यंत. हे महत्त्वाचं, कारण जमिनीतलं विरघळलेलं लोखंड आधी दिसत नाही, हवा लागल्यावर तांबूस होतं. घाई केली तर फसगत होते. जेवणानंतर सहाही बाटल्या ओसरीवर ओळीने मांडल्या. पहिली चहासारखी. दुसरी तशीच. तिसरी फिकट, चौथी त्याहून फिकट, पाचवी-सहावी जवळजवळ स्वच्छ. पट्टीचा रंग सहा आणि साडेसहाच्या मधे कुठेतरी. काका बराच वेळ बाटल्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे वीस वर्सं आपन पाइप पेत होतो का गा?"

आता लाइनचा प्रश्न. इथे मी काकांना एक उत्तर दिलं नाही, त्यांच्याच जमिनीबद्दल आणि पाण्याबद्दल विचारत गेलो. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर हे त्याचं माप. गावासाठी आता खरे पर्याय तीन. डीआय, म्हणजे बिडाचा शहाणा मुलगा. वितळलेल्या लोखंडात थोडं मॅग्नेशियम घातलं की ठिसूळपणा जातो, हे १९४३ मध्ये कीथ मिलिस याला सापडलं. मग पीव्हीसी. आपल्या शेतकऱ्याला तो माहीत झाला तो ऐंशीच्या दशकात, जळगावच्या भवरलाल जैनांसारख्या लोकांमुळे. आणि तिसरा एचडीपीई, तो काळा, गुंडाळी करून येणारा, तापवून सांधायचा.

विहिरीपासून टाकीपर्यंत लाइन कन्हारातून जाते. कन्हार म्हणजे आमच्याकडची काळी जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगते. तिथे ताठ पाइप सांध्यात तुटतात, जुनी एसी लाइन तिथेच सारखी फुटायची. म्हणून तेवढ्या भागात एचडीपीई. रस्त्याखाली ट्रॅक्टर जातात, तिथे डीआय. गावातल्या गल्ल्यांत पीव्हीसी चालेल, पण खोल गाडून. पीव्हीसीवर छापलेला दाब २७ अंश तापमानाचा असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, आणि उघड्यावर पडलेला पाइप उन्हाने आधी नरम आणि काही वर्षांनी कडकडीत ठिसूळ होतो. शिवाय पीव्हीसी बनवताना शिशाची संयुगं घालायची पद्धत होती, त्यावर केंद्राने २०२१ मध्ये नियम आणले. तेव्हा आयएस ४९८५ चा शिक्का आणि त्या नियमाप्रमाणे माल आहे हे दोन्ही बघून घ्यायचं. रोमन लोकांचं शिसं फिरून असं आपल्या दारात!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्यास. ठेकेदार म्हणाला होता की ९० मिलिमीटरऐवजी ७५ चा टाकू, "पंधरा मिलिमीटरनं काय होते?" १९०५ साली हेझन आणि विल्यम्स या दोघा अमेरिकनांनी जी सूत्रं छापली, ती आजही आपले इंजिनियर वापरतात. तेवढंच पाणी न्यायचं तर व्यास घटला की घर्षणात वाया जाणारा दाब व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. ९० चा ७५ केला की तो जवळपास अडीचपट होतो. म्हणजे खालच्या आळीला धो धो आणि वरच्या टोल्यावर टिपूस नाही. मटेरियलवरून समितीत दोन तास भांडण झालं, व्यासावर दोन मिनिटंही कोणी बोललं नव्हतं. मी हे काकांना वहीच्या पानावर हिशेब करून दिलं. ते पान त्यांनी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ९० कायम राहिला. कन्हारातल्या एचडीपीईबद्दल अजून घोळ चालू आहे, कारण सांधायचं मशीन आणि ते चालवणारा माणूस नागपूरहून येतो.

हातपंपाचा मेकॅनिक येऊन गेला. खालचे चार पाइप वर काढले तर आटे खाऊन गेलेले, एकाला बोट जाईल एवढं भोक. काकांनी त्याला सांगितलं, यूपीव्हीसीचे नाहीतर स्टेनलेसचे टाक, असतात म्हणे. तो म्हणाला, असतात, पण स्टोअरला जीआयच आहेत. नवेकोरे जीआय टाकून गेला. सध्या पाणी एकदम स्वच्छ येतंय.

काकूंनी त्या सहा बाटल्या फेकल्या नाहीत. ओसरीवर ओळीने तशाच आहेत. दर सहा महिन्यांनी पुन्हा भरून बाजूला मांडायच्या असं त्यांनी ठरवलंय.